मुले गप्प बसतात, तारे संपले की पुन्हा गप्प: सहावीच्या वर्गाविषयी एका शिक्षिकेस उत्तर

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत नव्याने बदलून आलेल्या शिक्षिकेने विचारले आहे की, त्यांच्या सहावीच्या वर्गात ३४ मुले आहेत, त्यातली बहुतेक तोंड उघडत नाहीत आणि तीन-चार मुलगे सतत उठबस करून तास मोडतात. त्यांनी फळ्याशेजारी बक्षिसाच्या ताऱ्यांचा तक्ता लावला, पंधरा दिवस वर्ग उत्साहात होता आणि नंतर पूर्वीपेक्षाही थंड पडला. प्रशिक्षणात ‘विद्यार्थ्यांच्या मानसिक गरजा पूर्ण करा’ असे सांगितले गेले. पण अभ्यासक्रम पुरा करायचा असताना ३४ जणांच्या मानसिक गरजा एकटीने कशा भागवायच्या, असा त्यांचा प्रश्न आहे.

मॅडम, मी बेळगाव आणि खानापूर या दोन तालुक्यांत मिळून २९ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. आपला प्रश्न वाचताना माझी पहिली दहा वर्षे डोळ्यांसमोर आली, कारण ‘मानसिक गरजा’ म्हणजे शिकवून झाल्यावर उरलेल्या वेळात करायचे काहीतरी वेगळे काम, अशीच तेव्हा माझीही समजूत होती. गोष्टीचा तास, खेळाचा तास, वाढदिवसाला टाळ्या, महिन्यातून एकदा पालकांशी बोलणे हे सगळे मी करत असे आणि तरीही गणिताच्या तासाला तीच मुले मान खाली घालून बसत. ही गरज भागते किंवा मारली जाते ती त्या चाळीस मिनिटांच्या आत, प्रश्न कसा विचारला, चुकीच्या उत्तरावर चेहरा कसा झाला, वही कशी परत दिली, यांत. हे कळायला मला फार वेळ लागला. म्हणून आपला खरा प्रश्न मी असा मांडीन: अभ्यासक्रम आहे तोच ठेवून, शिकवण्याच्या रोजच्या कृतींत कोणते बदल केले म्हणजे मुलाला या वर्गात बोलावेसे वाटेल?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच मान्य केले पाहिजे. आपल्याकडे सहावी एकटी आहे की सहावी-सातवी एकत्र बसतात, मुख्याध्यापक पाठीशी आहेत की नाहीत, मुले गावातलीच आहेत की आसपासच्या वाड्यांवरून चालत येतात, यावर बरेच ठरते. पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात, जिथे पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की निम्मी मुले घरीच राहतात, तिथे मी सांगितलेले काही जमेल आणि काही जमणार नाही. आपण आपल्या वर्गाला ओळखता, मी ओळखत नाही. तेव्हा पटेल तेवढेच घ्यावे.

मानसशास्त्रात या विषयाच्या अनेक मांडण्या आहेत. मला वर्गात सर्वांत उपयोगी पडली ती अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची. माणसाला मनापासून काही करावेसे वाटायचे असेल तर तीन गरजा भागाव्या लागतात, असे ते म्हणतात. मी इथल्या लोकांत आहे आणि इथे माझी कुणाला तरी पर्वा आहे, हा आपलेपणा. मला हे जमते, निदान प्रयत्न केला तर जमेल, ही सक्षमता. आणि जे करतो आहे त्याला माझीही मान्यता आहे, मला नुसते ढकलले जात नाही, ही स्वायत्तता. पुस्तकांत या तिन्ही गरजा एका ओळीत येतात. आपल्या भागातल्या शाळेत मात्र आपलेपणाची गरज आधी पाहावी लागते, आणि तिथे आड येते ती भाषा.

आपले मूल सहावीत येईपर्यंत देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांशी झगडत असते, आणि घरी बोलते ती मराठी पुस्तकातल्या मराठीपेक्षा निराळी असते. ‘काय करूलास?’, ‘कुठं जाऊलास?’ असे ते आजीशी बोलते, मित्रांशी बोलते आणि पहिल्या दिवशी शिक्षकांशीही तसेच बोलते. एका शाळेत मी नवीन असताना एका मुलीने मला विचारले, ‘बाई, तुम्ही काय लिहूलाय?’ मी हसले नाही, पण लगेच ‘लिहिताय म्हणावं’ असे सुधारले आणि वर्ग हसला. त्या मुलीने दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला आपणहून एकही प्रश्न विचारला नाही. माझी सुधारणा व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होती. पण तिने ऐकले ते एवढेच की, तिच्या घरची भाषा इथे चालत नाही. ज्या वर्गात आपली बोलीच हसण्याचा विषय होते तिथे मूल काय म्हणून तोंड उघडेल? शिवाय आपल्या वर्गात कन्नड घरची, कोंकणी घरची, गवळीवाड्यावरून येणारी मुलेही असतील, आणि त्यांची अडचण याहून मोठी असते.

पुढे मी एक पद्धत ठेवली. बोलताना बोली चालेल, लिहिताना पुस्तकी मराठी हवी, आणि हा नियम मुलांना पहिल्याच आठवड्यात कारणासह सांगायचा. प्रत्येकाच्या भाषेच्या वहीत मागच्या पानापासून तीन रकाने आखायचे: घरचा शब्द, पुस्तकातला शब्द, कन्नड शब्द. रोज एकच शब्द लिहायचा, तीन मिनिटांत काम होते. जेवणाला कन्नडमध्ये ऊट, पाण्याला नीरु, हे बहुतेकांना माहीत असतेच. पण अण्णा, अक्का हे आपण रोज उच्चारतो ते शब्द कन्नडमध्येही तसेच आहेत, आणि आजीचा अडकित्ता हा शब्दही मराठीत कन्नडमधून आला असे मानतात, हे कळले की मुले घरी जाऊन शब्द शोधू लागतात. त्या वर्षी कन्नड घरातला एक मुलगा माझ्या वर्गात होता. एरवी तो मराठीच्या तासाला मागच्या भिंतीला टेकून बसे. तिसऱ्या रकान्यासाठी सगळा वर्ग त्याच्याकडे वळून पाहू लागला आणि महिन्याभरात तो स्वतःहून दुसऱ्या बाकावर येऊन बसला. त्याला मी कसलेही बक्षीस दिले नव्हते.

आता सक्षमतेविषयी, कारण आपल्या त्या उठबस करणाऱ्या मुलांचे उत्तर मला इथे दिसते. माझ्याकडे सहावीत एक मुलगा होता. आईवडील कामासाठी गोव्याला आणि हा आजीपाशी. प्रकट वाचनाच्या तासाला तो हमखास उठायचा. कधी पाणी प्यायला, कधी पेन्सिलीला टोक करायला, कधी शेजाऱ्याच्या पाठीत बुक्की मारून. मी त्याला वर्गाबाहेर उभे करत असे. एक दिवस मी सहज मोजले, तेव्हा लक्षात आले की, तो नेहमी स्वतःची पाळी यायच्या दोन मुले आधी उठतो. ओळीने वाचन चालले असताना तो आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार हे मोजत बसे, त्यातली जोडाक्षरे पाहून घाबरे आणि बाहेर काढले जाण्याची सोय स्वतःच करून घेई. बाहेर उभे राहणे ही माझ्या दृष्टीने शिक्षा होती, त्याच्या दृष्टीने सुटका. कित्येक महिने मी त्याला ती सुटका देत होते आणि त्याचे वाचन जिथल्या तिथे राहिले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतर मी ओळीने वाचन घेणे सोडले. शाळा सुटताना त्याला हळूच सांगत असे, ‘उद्या तू हे चार ओळींचं वाच, आज आजीला वाचून दाखव.’ आजीला वाचता येत नव्हते. पण ती ऐकायला बसत असे, आणि त्याला तेवढेच हवे होते. दुसऱ्या दिवशी त्याने त्या चार ओळी अडखळत वाचल्या, पण जागेवरून हलला नाही. पुढे सहा ओळी, मग अर्धे पान. जे मूल तास मोडते त्याच्याविषयी मी तेव्हापासून आधी एक गोष्ट पाहते: ते नेमके केव्हा मोडते? आपणही आठ दिवस एका कागदावर फक्त वेळ आणि चाललेले काम टिपून ठेवा. गणिताचे शाब्दिक उदाहरण आले की उठतो, श्रुतलेखन म्हटले की भांडण काढतो, अशी काहीतरी जुळणी बहुधा सापडेल. सर्वांच्या बाबतीत सापडेल असे मी म्हणणार नाही. एखादे मूल घरातली अशांतता घेऊन येते आणि त्याला वेळकाळ नसतो.

गप्प बसणाऱ्या मुलांसाठी सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे थांबणे. अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. तेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक नेले की उत्तरे लांब होतात, अधिक मुले उत्तर देतात आणि नुसते गप्प राहणे कमी होते, असे त्यांनी नोंदवले. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण फळ्यासमोर उभे राहून गप्प राहायचे म्हटले की ते फार लांब वाटतात. मी मनातल्या मनात पाच आकडे मोजत असे. आपल्या मुलांना तर याहूनही वेळ लागतो, कारण प्रश्न पुस्तकी मराठीत ऐकायचा, बोलीत विचार करायचा आणि पुन्हा पुस्तकी मराठीत उत्तर जुळवायचे, एवढे काम त्यांना आत करावे लागते. उत्तर चुकले तर ‘बस’ म्हणून पुढच्याला उठवू नका. ‘हे कसं काढलंस ते सांग’ असे विचारा, आणि उत्तर बरोबर असले तरी अधूनमधून हेच विचारा. नाहीतर हा प्रश्न फक्त चुकल्यावरच येतो, हे मुले आठवड्यात ओळखतात.

वह्यांचेही तसेच. ३४ वह्यांवर रोज बरोबरच्या खुणा करून कुणाच्याच हाती काही लागत नाही. रोज सहा वह्या नीट वाचा, म्हणजे सोमवार ते शनिवार सगळा वर्ग एकदा होतो, आणि प्रत्येक वहीत एक वाक्य लिहा. ‘छान’, ‘सुधारणा हवी’ असे नको. ‘हातचा घ्यायला आता तू विसरत नाहीस, दशांश चिन्ह मात्र एका रेषेत मांड’ असे, म्हणजे मूल पुढच्या वेळी काय करायचे ते समजून घेईल. माझ्या वर्गातल्या मुली ती वाक्ये एकमेकींना वाचून दाखवत असत. उरलेल्या वह्या मुले जोडीने तपासू शकतात.

स्वायत्तता या शब्दाची शिक्षकांना भीती वाटते, कारण तिचा अर्थ ‘मुले म्हणतील तसे’ असा घेतला जातो. तसा तो नाही. वर्गाचे नियम स्पष्ट असले आणि ते का आहेत हे सांगितलेले असले की मुलांना ते जाचत नाहीत. जाचतो तो कारण न सांगता बदलणारा नियम. मी गृहपाठाला दहा उदाहरणे देऊन ‘कोणतीही सहा सोडवा, का निवडली ते शेवटी एका ओळीत लिहा’ असे सांगू लागले. सोपी सहाच निवडतील ही माझी भीती पहिल्या आठवड्यात खरी ठरली, पण पुढे तशी राहिली नाही, आणि ती एक ओळ वाचून मला कळू लागले की, कोण कशाला घाबरते आहे. कविता पाठ म्हणायची की तिच्यावर चित्र काढून समजावून सांगायची, परिसराच्या अभ्यासाला गावातला ओढा घ्यायचा की कुंभाराची भट्टी, अशा निवडी दिल्याने अभ्यासक्रम मागे पडत नाही. खानापूरच्या बाजूला कौले आणि मातीकामाची परंपरा जुनी आहे. ज्याच्या घरी चाक फिरते त्या मुलाला मातीविषयी आपल्याहून अधिक ठाऊक असते, ते त्याला वर्गापुढे सांगू द्या.

एक गोष्ट मात्र निवडीवर सोडू नये असे माझे ठाम मत आहे, आणि ती म्हणजे बसण्याची जागा. ‘कुणाशेजारी बसायचे ते तुम्हीच ठरवा’ म्हटले की, दोन-तीन मुले उरतात, आणि ती कोणत्या गल्लीतली, कोणत्या घरची असतात हे आपल्याला वेगळे सांगायला नको. काहींना मिळालेले स्वातंत्र्य तिथे दुसऱ्यांचा आपलेपणा तोडते. जागा दर पंधरवड्याला मी बदलीन, सगळ्यांच्या बदलीन, असे सांगून टाकावे. माध्यान्ह आहाराच्या पंगतीतही तेच. तिथे कोण एकटे बसते हे एकदा नुसते उभे राहून पाहा. वर्गातल्या आठ तासांहून त्या वीस मिनिटांत मला अधिक कळत असे.

आता ताऱ्यांविषयी. आपला अनुभव अपवादात्मक नाही. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील एका बालवाडीत, ज्या मुलांना चित्रे काढायला मुळातच आवडत असे अशा मुलांवर प्रयोग केला. काहींना ‘चित्र काढले तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधी सांगितले, काहींना न सांगता नंतर दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी सांगून बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. अनपेक्षितपणे मिळालेल्या मुलांची गोडी मात्र कमी झाली नाही. म्हणजे बक्षीस वाईट नाही. ‘हे केलेस तर ते देईन’ हा सौदा गोडी कमी करतो. आपल्या तक्त्याचा दुसरा दोष असा की, पंधरा दिवसांत कुणाच्या नावापुढे वीस आणि कुणाच्या नावापुढे दोन तारे झाले असतील, आणि दोनवाल्याला आपण कोण आहोत हे रोज भिंतीवर वाचावे लागत असेल. ज्याला मुळात काहीच करावेसे वाटत नाही अशा कामाला, पाढे पाठ करण्यासारख्या, थोडे आमिष चालते असे माझे मत आहे. वाचन, चित्र, प्रयोग यांना ते लावू नये.

त्या तीन-चार मुलग्यांना ‘मॉनिटर’ करण्याचा सल्ला आपल्याला कुणीतरी दिलाच असेल. मी तो देणार नाही. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिण्याचा अधिकार मुलाला दिला की त्याच्या हाती सत्ता येते, मित्र मात्र जातात. त्याऐवजी ज्यावाचून वर्गाचे अडेल असे खरे काम द्या: ग्रंथपेटीची नोंदवही, पाऊसमापनाची रोजची नोंद, पहिलीच्या मुलांना हात धुवायला नेणे. आईवडील गोव्याला असलेल्या माझ्या त्या मुलाने पाऊस मोजण्याची नोंद जून ते सप्टेंबर एकही दिवस न चुकवता ठेवली, आणि आकडे वर्गापुढे वाचायचे म्हणून रोज मोठ्याने वाचलेही.

काही बाबतीत वर्गातले उपाय पुरत नाहीत. उपाशी किंवा अर्धवट झोपेत आलेल्या मुलाला आधी खायला आणि पडायला जागा हवी. कर्नाटकात २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेत मुलांना शाळेत दूध मिळते, ते पहिल्या तासाआधी मिळेल असे मुख्याध्यापकांशी बोलून पाहा. बोलके मूल अचानक गप्प झाले, अंगावर वळ दिसले, जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागले, तर ते प्रकरण एकटीने हाताळू नका. मुख्याध्यापकांना लगेच सांगा, आणि मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी व मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ ही टेलीमानस सेवा हे दोन क्रमांक जवळ ठेवा. मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे, हे आपल्याला माहीत आहेच. वर्गापुढे टोमणा मारणे हाही त्रासच, हे मात्र आपण शिक्षक सोयीने विसरतो, आणि मीही विसरले आहे.

थोडक्यात सांगायचे तर सगळे एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त थांबणे आणि त्या मुलग्यांची वेळ टिपणे. दुसऱ्यात रोजच्या सहा वह्या. तीन रकाने त्यानंतर. प्रथम सत्राच्या परीक्षेपर्यंत गुणांत फरक दिसेलच असे नाही, पण कोण प्रश्न विचारू लागले हे दिसेल, आणि त्याचीच नोंद ठेवा.

तक्ता मात्र एका रात्रीत काढून टाकू नका, कारण ज्यांनी तारे मिळवले त्यांना ते आपल्याकडून हिसकावल्यासारखे वाटेल. वर्गाला खरे कारण सांगा की, हा तक्ता काहींना आवडतो आणि काहींना वाईट वाटते, म्हणून मला तो बदलायचा आहे. मग त्या जागी काय लावावे ते त्यांनाच विचारा. माझ्या वर्गाने आठवड्याच्या चर्चेनंतर तिथे एक कोरा कागद लावला होता, ‘या आठवड्यात मला न समजलेली गोष्ट’ असे वर लिहून. पहिले चार दिवस तो कोराच राहिला. पाचव्या दिवशी मी स्वतः त्यावर एका कन्नड शब्दाचा अर्थ विचारला, आणि दुपारपर्यंत त्याखाली तीन वेगवेगळ्या अक्षरांत तीन उत्तरे लिहिलेली होती.